साक्ष, करुणा आणि कुतूहल : लैंगिक अत्याचाराच्या वृत्तकथनातील नैतिक पेच

१

लैंगिक अत्याचाराची बातमी ही केवळ माहिती नसते. ती एक कथन असते. तिला निवेदक असतो, दृष्टिबिंदू असतो, आरंभ कोठे करावा आणि शेवट कोठे मानावा याविषयीचा निर्णय असतो. कथनमीमांसेच्या अभ्यासकाला यात नवे काही नाही. परंतु कादंबरीतील निवेदकाने केलेली निवड फार तर एखाद्या पात्रावर अन्याय करते. वृत्तातील निवेदकाने केलेली निवड जिवंत माणसावर अन्याय करू शकते, आणि पुढे कायद्याच्या कलमांतही उतरू शकते. म्हणून येथे कथनाचा प्रश्न हा अपरिहार्यपणे नीतीचा प्रश्न होतो.

या प्रश्नाची मांडणी सामान्यतः एका द्वंद्वाच्या रूपात केली जाते. अत्याचाराविषयी मौन पाळणे म्हणजे अत्याचाराला साथ देणे. बोलणे म्हणजे पीडित स्त्रीच्या वेदनेचे प्रदर्शन मांडणे. मौन आणि प्रदर्शन यांपैकी कमी दोषास्पद काय, एवढाच निर्णय जणू उरतो. हे द्वंद्व अपुरे आहे. किती बोलले गेले यापेक्षा कोणत्या घाटात बोलले गेले, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. कारण लोकमत घडते ते बातमीतील तपशिलांमुळे जितके, तितकेच तिच्या घाटामुळे. आणि धोरण म्हणून जे पुढे येते, तेही बहुधा त्या घाटात बसणारेच असते. गेल्या सुमारे पन्नास वर्षांतील काही प्रकरणांच्या आधारे हे विधान तपासून पाहता येईल.

२

मार्च १९७२ मध्ये, तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील आणि आता गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निर्णय फिरवला. भीतीपोटी पत्करलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे, हा विवेक त्या निकालात होता. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये पुन्हा आरोपींची सुटका केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा झाल्याचा पुरावा नाही, यांवरून संमतीचा निष्कर्ष काढण्यात आला.

त्या वेळी या निकालाने फारशी खळबळ माजली नाही. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. ते पत्र वृत्तपत्रांतून पसरले, त्यावर चर्चा झडल्या, १९८० साली मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला, देशभर निदर्शने झाली. फेरविचाराची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. परंतु १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. कोठडीतील बलात्काराचा स्वतंत्र विचार झाला. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, असा पुराव्याचा नियम आला. सुनावणी बंद दालनात घेण्याची आणि पीडितेची ओळख प्रसिद्ध न करण्याची तरतूद झाली.

साहित्याच्या अभ्यासकाने या पत्राकडे विशेष लक्ष द्यावे असे त्यात काही आहे. ते पत्र म्हणजे मूलतः एका संहितेचे चिकित्सक वाचन होते. निकाल ही संहिता मानून तिची गृहीतके कोणती, तिच्यातील मौने कोणती, ‘संमती’ या शब्दाचा अर्थ तेथे कोणाच्या अनुभवावरून ठरवला गेला आहे, हे त्या चौघांनी विचारले. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, एका गरीब आदिवासी मुलीच्या न ओरडण्याचा अर्थ काय लावायचा? हा अर्थनिर्णयनाचा प्रश्न होता, आणि तोच न्यायाचाही प्रश्न होता. मुलीच्या देहावर काय गुदरले याच्या वर्णनावर त्या चर्चेचा भर नव्हता. न्यायालयाने तिच्या मौनाचे काय केले, यावर होता. म्हणून त्यातून निर्माण झालेला कायदाही नेमका त्या मौनाविषयीचा कायदा होता. ज्या घाटात प्रश्न मांडला गेला, त्याच घाटात उत्तर आले.

३

सर्वसाधारण वृत्तकथनाचा घाट मात्र असा नसतो. त्याची ओळख त्याच्या भाषेत पटते. ‘अब्रू लुटली’ हा मराठी वृत्तभाषेत दीर्घकाळ रूढ असलेला प्रयोग पाहावा. लुटता येते ती मालमत्ता. अब्रू ही स्त्रीजवळ ठेवलेली, परंतु कुळाच्या किंवा जातीच्या मालकीची ठेव आहे, आणि गुन्हा घडतो तो त्या ठेवीविरुद्ध, असा अर्थव्यूह या दोन शब्दांत सामावलेला आहे. लुटलेली वस्तू परत मिळत नाही. म्हणून ज्या स्त्रीवर अत्याचार झाला तिचे आयुष्य ‘उद्ध्वस्त’ झाले, हेही वाक्य पाठोपाठ येते. ‘विनयभंग’ या कायद्याच्या परिभाषेतील शब्दातही हीच धारणा आहे: भंगतो तो स्त्रीचा विनय, तिची इच्छा, तिचा देहावरील अधिकार यांचा उल्लेख त्या शब्दात नाही.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. ‘तरुणीवर बलात्कार’, ‘विवाहितेवर अत्याचार झाला’ या मथळ्यांत कर्ता नसतो. वादळ झाले, अपघात झाला, तसा अत्याचार ‘होतो’. कर्त्याची रिकामी राहिलेली जागा मग क्रियाविशेषणे भरून काढतात. ती ‘रात्री उशिरा’ ‘एकटी’ ‘मित्रासोबत’ होती, हे तपशील खोटे नसतात; पण कार्यकारणाचा निर्देश करणारे एवढेच शब्द वाक्यात उरले असल्यामुळे कारणाचा भार त्यांच्यावर पडतो. आणि कर्ता जेव्हा येतो, तेव्हा तो ‘नराधम’ म्हणून येतो. म्हणजे एक तर कर्ता नाहीच, नाही तर कर्ता माणूसच नाही. शेजारी, नातेवाईक, शिक्षक, पती, मालक अशी साधी, ओळखीची माणसे या दोन टोकांच्या मधून निसटून जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार बलात्काराच्या नोंदवलेल्या प्रकरणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या परिचयाचा असतो. लोकमानसातील बलात्कारी मात्र अनोळखी, अंधारातून येणारा, पशुवत असाच राहिला आहे. अहवालातील माणूस आणि कथनातील माणूस यांच्यात एवढे अंतर असेल, तर त्या कथनावर उभारलेले धोरण कोणापासून कोणाचे रक्षण करणार, हा प्रश्न उरतोच.

४

दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ रोजी घडलेल्या घटनेचे वृत्तकथन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मृत तरुणीचे नाव छापण्यास कायद्याने बंदी असल्यामुळे माध्यमांनी तिला नवी नावे दिली: निर्भया, दामिनी, अमानत, जागृती. यांतील एकही नाव निव्वळ नाव नाही. प्रत्येक नाव हे एक विधान आहे. एकात शौर्य आहे, एकात विजेचा लखलखाट आहे, एकात ती कोणाची तरी ठेव आहे, एकात ती राष्ट्राला जाग आणणारी आहे. ती ‘देशाची कन्या’ झाली.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत येथे साधारणीकरण घडले, असे म्हणण्याचा मोह होतो. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेल्या या संकल्पनेनुसार, काव्यातील विभावादी विशिष्ट व्यक्तीच्या संबंधातून मुक्त होतात, आणि म्हणूनच शोक हा स्थायिभाव करुणरसाच्या रूपाने आस्वाद्य होतो. परंतु ही प्रक्रिया नाट्याची आहे, लौकिकाची नव्हे, हे भान त्या मीमांसेत सतत जागे आहे. लौकिक शोक आस्वाद्य नसतो. तो कृतीची मागणी करतो. शेजारच्या घरात आक्रोश चालू असताना जो सहृदय होऊन बसतो, त्याला रसिक म्हणत नाहीत. वृत्तकथन जेव्हा प्रत्यक्षातील स्त्रीचे साधारणीकरण करते, तेव्हा तिचे विशिष्टत्व पुसले जाते आणि वाचकाला स्वतःच्या करुणेचा आस्वाद मिळतो. करुणेच्या या आस्वादात कुतूहलही बेमालूम मिसळलेले असते: नेमके काय केले, कशाने केले, किती वेळ केले. या तपशिलांची मागणी शोक करत नाही, कुतूहल करते. पण ती शोकाच्या नावाने पुरवली जाते.

तथापि त्या आंदोलनाचा धोरणावर परिणाम झाला नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा, लीला सेठ आणि गोपाल सुब्रमण्यम यांच्या समितीकडे ऐंशी हजारांच्या आसपास सूचना आल्या. २३ जानेवारी २०१३ रोजी, महिनाभरातच, समितीने अहवाल सादर केला. त्यात फाशीची शिफारस नव्हती. वैवाहिक बलात्काराला असलेला अपवाद रद्द करावा, अशांत प्रदेशांत सशस्त्र दलांतील व्यक्तींनी केलेल्या लैंगिक गुन्ह्यांना विशेष कायद्याचे संरक्षण नसावे, बालगुन्हेगाराच्या वयाची मर्यादा खाली आणू नये, पोलीस व वैद्यकीय तपासणीच्या पद्धती बदलाव्यात, अशी तिची भूमिका होती. ३ फेब्रुवारी २०१३ चा वटहुकूम आणि त्यानंतरचा कायदा यांनी या अहवालातील पुष्कळ काही स्वीकारले. बलात्काराची व्याख्या विस्तारली, संमतीची व्याख्या आली, पाठलाग व आम्लहल्ला हे स्वतंत्र गुन्हे ठरले. हे लाभ खरे आहेत. परंतु जे नाकारले गेले ते पाहावे: पती आणि सैनिक. या दोघांनाही ‘नराधमा’च्या कथेत स्थान नव्हते. आणि जे समितीने सुचवले नव्हते ते जोडले गेले: काही प्रकारांत फाशी. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये, त्या प्रकरणातील अल्पवयीन आरोपीची सुटका झाल्यानंतर दोनच दिवसांत राज्यसभेने बालन्याय विधेयक संमत केले, आणि गंभीर गुन्ह्यांत सोळा ते अठरा वयोगटातील मुलांवर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची वाट खुली झाली. कथेला हवे होते ते मिळाले; कथेत नव्हते ते राहून गेले.

राहून गेलेल्या गोष्टींपैकी एकीचा उल्लेख पुरेसा आहे. पीडितेच्या ‘दोन बोटांच्या’ तपासणीचा वर्मा समितीने निषेध केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती खाजगीपणाचा भंग करणारी ठरवली. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी ती मनाई केली. तरीही २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तीच मनाई पुन्हा करावी लागली. रुग्णालयाच्या तपासणीकक्षात रोज घडणारा हा अपमान बातमी होत नाही, कारण त्यात प्रसंग नाही, केवळ पद्धत आहे. आणि पद्धतीला कथानक नसते.

५

कोणाची कथा सांगण्यायोग्य ठरते, हाही घाटाचाच प्रश्न आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची गावातील जमावाने हत्या केली. आरंभीच्या काळात हे वृत्त तुरळक आले, आणि जे आले त्यात अनैतिक संबंधाच्या संशयातून घडलेले हत्याकांड असे त्याचे स्वरूप होते. सत्यशोधन समित्यांचे अहवाल आणि दलित समाजाची तीव्र निदर्शने यांनंतर, म्हणजे महिन्याहून अधिक काळ लोटल्यावर, जातीय अत्याचार म्हणून त्याची दखल घेतली गेली. सत्र न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली दोष सिद्ध मानला नाही, आणि लैंगिक अत्याचाराचा आरोपही टिकला नाही. उच्च न्यायालयाने २०१० मध्ये फाशीच्या शिक्षा पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलल्या.

पहिल्या बातमीतील ‘अनैतिक संबंध’ या दोन शब्दांनी केलेले काम येथे पाहण्यासारखे आहे. त्यांनी घटनेचा आरंभबिंदू बदलला. जमिनीचा वाद, जात, गावाची सत्ता यांपासून सुरू होणारी कथा मृत स्त्रीच्या चारित्र्यापासून सुरू झाली. अशी सुरुवात झालेली कथा वाचकाच्या मनात पुढे दुरुस्त करणे किती कठीण असते, हे निराळे सांगायला नको. शहरी, सुशिक्षित, सवर्ण समाजाला जी ‘आपल्यातली’ वाटते तिचे साधारणीकरण तत्काळ होते. जी तशी वाटत नाही तिला आधी स्वतःचे निष्पापत्व सिद्ध करावे लागते. साधारणीकरणालाही येथे जातीची सीमा आहे.

६

वृत्तकथनाला शेवट लागतो, आणि तो शेवट म्हणजे शिक्षा. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ घडलेल्या अत्याचार व खुनाच्या प्रकरणातील चारही आरोपी ६ डिसेंबर रोजी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये उघड झाला. आरोपींना ठार करण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या वेळी फुले उधळली गेली नाहीत, आणि मथळेही तेवढे मोठे नव्हते. कथा आधीच संपलेली होती.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेतील दोन लहान मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उजेडात आले. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या वाहनात गोळी लागून मरण पावला, आणि मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक झळकले. हा श्लेष आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाला त्याच्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. गावाच्या नावातच जणू सूड आधीपासून लिहून ठेवलेला होता, असा चमत्कार तो शब्द साधतो. पण या चमत्कारात दोन मुली कोठे आहेत? शाळेने तक्रारीचे काय केले, पोलिसांनी गुन्हा नोंदवायला किती वेळ लावला, या प्रश्नांवर लोक रेल्वेमार्गावर उतरले होते. श्लेषाने ते प्रश्न मिटवले. ‘पुरा’ या शब्दाचा अर्थच असा की यापुढे काही विचारायचे उरलेले नाही.

अॅरिस्टॉटलच्या विरेचनाचा आधार घेऊन असे म्हणता येईल, की समाजाच्या भयाचे व करुणेचे येथे शमन होते. परंतु शोकात्मिकेतील विरेचन प्रेक्षकाला नायकाच्या प्रमादात स्वतःची शक्यता दाखवून घडते. येथे ते आरोपीला सर्वस्वी परका ठरवून घडते. त्यामुळे त्यातून आत्मज्ञान निष्पन्न होत नाही, केवळ हलकेपण येते. मुंबईतील शक्ती मिल प्रकरणात तिघांना २०१४ मध्ये सुनावलेली फाशी उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये जन्मठेपेत बदलली, तेव्हा लोकक्षोभ हा शिक्षेचे मोजमाप होऊ शकत नाही, अशा आशयाची भूमिका घेतली. त्यानंतर महिनाभरातच राज्याच्या विधिमंडळाने फाशीची तरतूद असलेले शक्ती विधेयक संमत केले. न्यायालय आणि विधिमंडळ एकाच घटनामालिकेची दोन भिन्न वाचने करीत होते.

७

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. घाटाची ही चिकित्सा ज्यांना परवडते त्यांनी ती करावी. प्रत्यक्षात मात्र गोंगाट झाल्याशिवाय पोलीस तक्रार नोंदवत नाहीत, मंत्री हलत नाहीत, कायदे बदलत नाहीत. शक्ती मिलचेच उदाहरण या आक्षेपाच्या बाजूने देता येईल. ऑगस्ट २०१३ मधील घटनेची बातमी सर्वत्र झाल्यावरच दुसऱ्या एका तरुणीने, त्याच जागी आपल्यावरही काही आठवड्यांपूर्वी अत्याचार झाल्याची तक्रार दिली. बातमीमुळे तिला बोलता आले. देशातील नोंदवलेल्या बलात्कारांची संख्या २०१२ मध्ये २४,९२३ होती, ती २०१३ मध्ये ३३,७०७ झाली. एका वर्षातील ही वाढ केवळ गुन्हे वाढल्याने झाली असे मानता येत नाही, कायद्याची व्याख्या विस्तारणे आणि बोलण्याचे धैर्य वाढणे यांचाही तो परिणाम असणार.

आक्षेपातील हे तथ्य मान्य केलेच पाहिजे. परंतु ते मौनाविरुद्धचे प्रमाण आहे, या विशिष्ट घाटाच्या बाजूचे नव्हे. दुसऱ्या तरुणीला बोलते केले ते पहिल्या घटनेच्या रंगतदार तपशिलांनी नव्हे. आपल्यासारख्याच एकीचे म्हणणे खरे मानले गेले, या अनुभवाने. येथे साक्ष आणि दर्शन असा भेद करणे उपयुक्त ठरेल. दर्शनात पीडित स्त्री विषय असते आणि वाचक द्रष्टा असतो. साक्षीत ती बोलणारी असते आणि वाचकावर ऐकण्याचे, म्हणजेच उत्तरदायी होण्याचे, बंधन येते. दर्शन देहाकडे पाहते. साक्ष परिस्थितीकडे बोट दाखवते. दर्शन शिक्षेपाशी थांबते. साक्ष शिक्षेनंतरही विचारीत राहते.

या भेदातून काही कसोट्या निष्पन्न होतात. ज्या तपशिलाने गुन्ह्याची जबाबदारी अधिक स्पष्ट होत नाही, तो तपशील केवळ खरा आहे म्हणून सांगण्यास पात्र ठरत नाही. ज्या वाक्यात कर्ता देता येणे शक्य आहे, आणि आरोप सिद्ध होण्यापूर्वी तो ‘आरोपी’ म्हणून देता येतो, तेथे कर्त्याशिवाय वाक्य रचणे ही निव्वळ शैलीची बाब नव्हे. आणि ज्या कथेचा नायक तिला वाचवणारा किंवा तिचा सूड घेणारा आहे, ती कथा तिची नाही.

नावाचा प्रश्नही याच प्रकाशात पाहावा लागतो. ओळख गुप्त ठेवण्याचे बंधन १९८३ पासून आहे, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मृत स्त्रीच्या बाबतीतही कठोरपणे लागू केले. समाज जोवर कलंक पीडितेच्या माथी मारतो, तोवर हे संरक्षण आवश्यक आहे. पण कोलकात्याच्या पार्क स्ट्रीट प्रकरणातील स्त्रीने २०१३ मध्ये स्वतः होऊन आपले नाव आणि चेहरा जाहीर केला, तेव्हा तिने या संरक्षणातील विरोधाभासावर नेमके बोट ठेवले: लपायचे असेल तर ते अपराध्याने. नाव झाकणे वा सांगणे हा अधिकार तिचा आहे. नवे, तेजस्वी नाव बहाल करण्याचा अधिकार मात्र कोणाचाच नाही.

द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला होता. स्वतःला हरलेल्या पतीला पत्नी पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, हा तो प्रश्न. शुद्ध कायद्याचा, स्वत्वाच्या मालकीचा. सभेतील वृद्धांपैकी कोणीही त्याचे निःसंदिग्ध उत्तर दिले नाही. कीर्तनांतून, चित्रांतून, नाटकांतून आणि पडद्यावरून शतकानुशतके दाखवले गेले ते मात्र न संपणारे वस्त्र आणि ते पुरवणारा हात. दर्शनाने साक्षीवर केलेली ही मात जुनी आहे. वृत्तपत्रांनी ती शोधून काढली नाही, त्यांच्याकडे ती परंपरेने आली. म्हणून वृत्तकथनाची चिकित्सा ही केवळ पत्रकारितेची आचारसंहिता ठरवण्याची बाब नाही. ज्या वाचनसंस्कारांत वस्त्र लक्षात राहते आणि प्रश्न विसरला जातो, त्या संस्कारांचीच ती चिकित्सा आहे. आणि हे काम साहित्याच्या अभ्यासकांना आपल्या कक्षेबाहेरचे म्हणून टाळता येणार नाही.